कामाचा धनी कोण? मनमाडची कामगार परिषद आणि हजेरीपटाबाहेरचे कष्टकरी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीच्या इतिहासात नाशिक जिल्ह्याचे स्थान कोणते, असे विचारले असता आपल्यापैकी बहुतेकांच्या मुखी दोन नावे येतात. पहिले, २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह. आणि दुसरे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजीची येवला येथील धर्मांतराची घोषणा. ही दोन्ही नावे योग्यच आहेत. परंतु याच जिल्ह्यात, येवल्यापासून फार लांब नसलेल्या मनमाड येथे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती, तिचे स्मरण त्या मानाने फारच कमी होते. मंदिराचा प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता, येवल्याचा प्रश्न धर्माचा होता. मनमाडचा प्रश्न भाकरीचा आणि कामाच्या प्रतिष्ठेचा होता. हे तीन प्रश्न वेगळे नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्या कृतीने दाखविले. आपण मात्र तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंपासून तोडून कामगार संघटनांच्या कार्यालयात ठेवून दिला, असे आम्हांस वाटते.

प्रस्तुत लेखात आम्ही हा तिसरा धागा पुन्हा हाती घेत आहोत. त्यासाठी आम्ही देवळा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. सातमाळ्याच्या रांगेच्या उत्तरेस, गिरणेच्या खोऱ्यात वसलेला हा तालुका १९९९ मध्ये स्वतंत्र झाला. येथे मोठे कारखाने नाहीत. विठेवाडीचा वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना, देवळा व उमराणे येथील बाजार समित्या, कांद्याची खळी आणि शेते, हीच येथील श्रमाची ठिकाणे. म्हणजे ज्याला आपण सामान्यतः कामगार म्हणतो, तो कायम नोकरीतील, पगारपत्रक असलेला मनुष्य येथे अपवादानेच आढळतो. येथे आढळतो तो हमाल, ऊसतोड मजूर, कांदा काढणारी आणि निवडणारी स्त्री, ठेकेदाराकडील सफाई कामगार. अशा माणसाला संघटनेचा आधार कसा मिळतो, किंवा का मिळत नाही, हा आमचा विषय आहे.

वतन : जबाबदारीवाचूनची चाकरी

असुरक्षित काम ही आजची, खासगीकरणाच्या काळातील गोष्ट आहे, असे अनेकदा म्हटले जाते. आपल्या समाजाला हे म्हणणे लागू पडत नाही. आपल्या पूर्वजांचे महार वतन हेच या देशातील असुरक्षित कामाचे एक जुने आणि पूर्ण उदाहरण होते.

१८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महारांची सेवा सरकारी चाकरीत गणली. सारावसुलीच्या कामी पाटील-कुलकर्ण्यांच्या हाताखाली राबावे, सरकारी निरोप व टपाल पोहोचवावे, अंमलदाराच्या सरबराईस हजर राहावे, अशी कामे दिवसरात्र पडत. कामाचे तास ठरलेले नव्हते, कामांची यादीही ठरलेली नव्हती. वतनदार गावी नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसास कामास लावले जाई. मोबदला काय? थोडीशी इनाम जमीन आणि रयतेकडून मिळणारे बलुते. बलुते द्यावयाचे की नाही, किती द्यावयाचे, हे रयतेच्या मर्जीवर. महाराने माणुसकीचा हक्क सांगितला की बलुते बंद होई. आणि बलुते बंद झाले म्हणून सरकारी काम मात्र थांबत नसे.

या व्यवस्थेचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. काम सरकारचे, मोबदला गावाचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही. काम करून घेणारा वेगळा आणि मोबदला देणारा वेगळा असला, की कष्टकऱ्याला दाद मागण्यास दार उरत नाही. सरकारकडे जावे तर ते रयतेकडे बोट दाखविते, रयतेकडे जावे तर ती सरकारकडे बोट दाखविते.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात जे वतन सुधारणा विधेयक मांडले, ते नेमके या मर्मावर बोट ठेवणारे होते. महारांची कामे कोणती ते ठरवावे. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवून ती सरकारने वसूल करून द्यावी. आणि ज्याला या चाकरीतून मुक्त व्हावयाचे असेल त्याला जमीन राखून मुक्त होता यावे, असा त्याचा आशय होता. ते विधेयक मूळ स्वरूपात टिकू शकले नाही आणि १९२९ मध्ये परत घ्यावे लागले. तरी लढा थांबला नाही. वतनी जमिनींवरील वाढीव जुडीविरुद्ध १९४१ च्या ऑगस्टमध्ये परिषद भरली ती याच नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे. शेवटी १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलनाच्या कायद्याने वतन संपले. म्हणजे पहिल्या विधेयकापासून तीस वर्षे जावी लागली. 'कामाचा धनी कोण?' या एका प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास तीस वर्षे लागली, असे आम्ही म्हणतो.

मनमाड, १९३८

वतनाच्या जाचातून सुटण्याचा एक मार्ग रेल्वेने दाखविला होता. मनमाड हे मोठे जंक्शन. गावकीतून निघालेला महार तरुण लोहमार्गाच्या कामावर लागला, की त्याला रोख पगार मिळू लागे. ही मुक्ती किती अपुरी होती, हे मनमाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी एकेक उदाहरण देऊन मांडले.

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला पोर्टरची जागा सहसा मिळत नाही. कारण पोर्टर नावाला रेल्वेचा असला तरी त्याच्याकडून स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करून घेतले जाते. आणि अस्पृश्याच्या हातचे घरकाम चालत नाही. म्हणजे नियमाने न करावयाचे काम करता येत नाही, या कारणासाठी नियमाने करावयाच्या कामापासूनच त्याला दूर ठेवले जाई. कारखान्यांतील वरच्या जागाही त्याला बंदच होत्या.

मुंबईच्या कापड गिरण्यांतील गोष्टही अशीच होती. विणकाम खात्यात पगार अधिक. परंतु तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात मज्जाव होता. हा मज्जाव मालकाने घातलेला नव्हता. तो शेजारी काम करणाऱ्या कामगाराने घातलेला होता. गिरण्यांतील संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि संपाच्या मागण्यांत त्यास स्थान मिळावे असा आग्रह धरला, तो यामुळेच.

मनमाड येथे त्यांनी या देशातील कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची सत्ता वा विशेषाधिकार नव्हे. स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्वच वर्गांत शिरली आहे, असा खुलासाही त्यांनी केला. अस्पृश्य कामगारांची वेगळी परिषद म्हणजे कामगारांत फूट, असा आक्षेप घेणाऱ्यांना त्यांचे उत्तर होते, की फूट आधीच पडली आहे. ती पाडणारी जात आहे. तिच्याविषयी मौन पाळून एकी होत नाही.

या भाषणाचा अर्धाच भाग सांगण्याची चूक दोन्ही बाजूंनी झाली आहे. काहींनी त्यातून फक्त पहिला शत्रू घेतला, काहींनी फक्त दुसरा. मनमाडला जमलेल्या गँगमनला मात्र हे दोन शत्रू एकाच ठिकाणी, एकाच हजेरीत भेटत होते. भांडवलशाही त्याला कमी पगार देत होती आणि ब्राह्मणशाही त्याला त्याच पगारावर जन्मभर ठेवीत होती. कामगार संघ हवाच, पण संघ वेतनापुरता थांबला तर पुरेसा नाही, कामगाराने राजकारणात उतरले पाहिजे, हा परिषदेतील त्यांचा उपदेश याच अनुभवातून आलेला होता. १९३६ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र मजूर पक्ष हे त्याचे साधन होते. या पक्षातर्फे १९३७ मध्ये मुंबई विधानसभेवर निवडून आलेल्यांत नाशिकचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

एकजूट आणि कायदा

वेगळी परिषद घेणारे बाबासाहेब वेगळेपणातच राहिले, असे मात्र नाही. मनमाडच्या महिनाभर आधी, १० जानेवारी १९३८ रोजी, खोती पद्धतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. त्यात कोकणातील सर्व जातींचे कुळकरी होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. या विधेयकाने संपाचा हक्कच जखडला जातो, म्हणून स्वतंत्र मजूर पक्ष आणि ज्यांच्याशी त्याचे गंभीर मतभेद होते ते कम्युनिस्ट पुढारी एका व्यासपीठावर आले. जेथे जातीचा प्रश्न दडपला जातो तेथे वेगळा आवाज, आणि जेथे सर्व कामगारांच्या हक्कावर घाला येतो तेथे एकत्र उभे राहणे, अशी ही रीत होती.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला तो १९४६ मध्ये. परंतु असुरक्षित कामगारांच्या दृष्टीने त्यांचे त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे १९४६ मध्ये मांडलेले किमान वेतनाचे विधेयक होय. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला आणि त्याच्या परिशिष्टात शेतमजुरीचाही समावेश होता. ज्याला संघ नाही, ज्याला मालकाशी करार करता येत नाही, त्याच्यासाठी वेतनाची खालची पायरी सरकारने ठरवावी, हा त्यामागील विचार होता. तो कायदा आज २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला असला, तरी विचार तोच आहे.

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी घातली. पुढे १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही या अनुच्छेदातील सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय दिला. मजूर ठेकेदाराचे आहेत म्हणून काम करून घेणाऱ्या सरकारला व संस्थांना हात झटकता येणार नाहीत, हेही न्यायालयाने सांगितले. वतनाच्या वेळी जो प्रश्न होता, त्याचेच हे उत्तर. धनी तोच, ज्याचे काम आहे.

दादासाहेबांचा भूमिहीन

महापरिनिर्वाणानंतरच्या काळात हा धागा दादासाहेब गायकवाड यांनी हाती घेतला. दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी १९०२ मध्ये जन्मलेला हा नेता काळाराम सत्याग्रहाचा आधारस्तंभ होता. वतन गेले, तसा खेड्यातील आपला माणूस वेठीतून सुटला. परंतु हाती पुरेशी जमीन नसल्याने तो शेतमजूर झाला. बलुत्याऐवजी रोजंदारी आली, तीही पावसावर आणि मालकाच्या मर्जीवर. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासून सुरू झालेला देशव्यापी सत्याग्रह हे या माणसाचे लढे होते. पडीक जमीन भूमिहीनांस द्यावी, ही मागणी सर्वांस माहीत आहे. १९६४ च्या मागणीपत्रात १९४८ च्या किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी करावी, हीही मागणी होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. जमीन आणि मजुरी या दोन्ही मागण्या एकाच कागदावर होत्या. कारण जमीन मिळेपर्यंत, आणि कित्येकांना ती कधीच मिळणार नाही म्हणून, मजुरीला संरक्षण हवे होते.

या सत्याग्रहांचे बळ सभांतील भाषणांत नव्हते. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पडीक जमिनींची माहिती काढली, भूमिहीनांची नावे लिहून घेतली, तुरुंगात जाणाऱ्यांच्या घरची चूल पेटती ठेवली. लाखो माणसे तुरुंगात गेली ती या रोजच्या, नाव न होणाऱ्या कामाच्या आधारावर.

हमालाची पाठ आणि शेतकऱ्याची पट्टी

आता बाजाराकडे वळू. बाजारातील हमाल हा असुरक्षित कामगाराचा नमुना आहे. तो सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवितो, दुपारी दुसऱ्याचा भरतो. त्याला एक मालक नाही, म्हणून त्याला कोणीच मालक नाही. पाठ मोडली तर भरपाई कोणी द्यावी? म्हातारपणी निर्वाहनिधी कोणी द्यावा?

महाराष्ट्रातील माथाडी चळवळीने या कोड्याचे जे उत्तर शोधले, ते आमच्या मते आपल्या राज्याच्या कामगार इतिहासातील एक मोठी निर्मिती आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या माथाडींच्या लढ्यातून आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीसारख्या प्रयत्नांतून जे वातावरण तयार झाले, त्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची रचना अशी: कामगार, मालक आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ असते. हमालांची आणि मालकांची दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरावयाची. मंडळ मजुरी कामगारास देते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधोपचार यांची तरतूद करते. अनेक मालकांची विखुरलेली जबाबदारी एका ठिकाणी गोळा करून तिला एक दार करून दिले, हे या कायद्याचे मर्म.

परंतु कायदा झाला म्हणजे काम झाले, असे नाही. २०२४ च्या एप्रिल महिन्यात नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव अनेक दिवस बंद राहिले. वाद होता तो शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून हमाली, तोलाई व वाराई कापण्याचा आणि लेव्हीचा. शेतकऱ्याला वाटे, हमाल आपल्या पट्टीतून पैसे घेतो. हमालाला वाटे, आपले हक्काचे पैसे अडकले. या दोघांमध्ये भांडण लागले की ज्याच्या कामासाठी माल उचलला गेला त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. देवळा, उमराणे भागातील कांदा पिकविणारा बहुसंख्य शेतकरी लहान आहे. त्याच्याच भावकीतील वा शेजारच्या वस्तीतील माणूस हमाली करतो. या दोघांचा तंटा ही संघटनेच्या अभावाची खूण आहे.

बाजार समितीच्या संचालक मंडळात हमाल-मापाऱ्यांच्या गटातून एक प्रतिनिधी निवडून जातो. अठरांत एक. ही जागा लहान आहे, पण ती आहे. त्या जागेवर कोण बसतो, तो मंडळापुढे काय मांडतो, हे विचारणारे किती जण आहेत? आणि ज्या स्त्रिया व्यापाऱ्यांच्या खळ्यावर बसून कांदा निवडतात, गोण्या भरतात, त्यांच्यापैकी कितींना त्या गटाच्या मतदारयादीत स्थान आहे? त्यांचे काम बाजाराचे, पण बाजाराच्या दप्तरात त्या नाहीत.

ठेकेदाराआडचा धनी

या संदर्भात मुंबईचे एक उदाहरण आपल्या वाचकांनी अवश्य अभ्यासावे. मुंबई महानगरपालिकेचा कचरा उचलणाऱ्या ठेका कामगारांत बहुसंख्य माणसे दलित समाजाची, त्यांत अनेक बौद्ध. रस्ता पालिकेचा, कचरा पालिकेचा, गाडीवर देखरेख पालिकेची. पण मजुरी ठेकेदाराची. त्यांना कामगार न म्हणता स्वयंसेवक म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने या कामगारांची बाजू घेतली. हजेरीचे कागद, गाड्यांच्या नोंदी, कामाची ठिकाणे असा पुरावा वर्षानुवर्षे जमविला. औद्योगिक न्यायाधिकरण, उच्च न्यायालय आणि अखेरीस ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालय येथे सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय टिकला. त्यानंतरही कागदोपत्री नावांतील अक्षरभेदामुळे कित्येकांची नेमणूक लांबली. एका मात्रेवरून माणसाचा हक्क अडतो, हे ज्यांनी जातीच्या दाखल्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

१९२८ चा वतनदार आणि २०१७ चा सफाई कामगार यांच्यामध्ये नव्वद वर्षांचे अंतर आहे. पण दोघांचा प्रश्न एकाच शब्दांत मांडता येतो. वतनदाराच्या आणि सरकारच्या मध्ये बलुते होते. सफाई कामगाराच्या आणि पालिकेच्या मध्ये ठेकेदार होता. ऊसतोड मजुराच्या आणि कारखान्याच्या मध्ये मुकादम असतो. कोयता ऊस तोडतो तो कारखान्यासाठी, पण उचल घेतो ती मुकादमाकडून, आणि ती फेडता फेडता पुढला हंगाम येतो. मधला माणूस बदलतो. रचना तीच राहते.

आपल्याच घरातील दोन कामगार

येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगावीशी वाटते. १९३८ च्या मनमाडमध्ये गँगमन हा आपल्या समाजाचा प्रातिनिधिक माणूस होता. आज आपल्या वस्तीत दोन प्रकारचे कामगार राहतात. एक, राखीव जागेवर कायम लागलेला. त्याला सेवापुस्तक आहे, कर्मचारी संघटना आहे, पदोन्नतीच्या प्रश्नावर तिचे शिष्टमंडळ मंत्र्यास भेटते. दुसरा, त्याच्याच चुलत घरातील, ठेक्यावर झाडू मारणारा वा कोयता घेऊन जाणारा. त्याच्यासाठी कोणाचेही शिष्टमंडळ जात नाही. पहिल्याने दुसऱ्यास जयंतीच्या वर्गणीसाठी शोधावे आणि हजेरीपटासाठी शोधू नये, ही स्थिती चांगली नव्हे.

हे आम्ही उपकाराच्या भाषेत सांगत नाही. हा पहिल्याच्याही हिताचा प्रश्न आहे. राखीव जागा असतात त्या मंजूर पदांवर. ज्या कचेरीत, नगरपंचायतीत, दवाखान्यात कायम पद रिक्त ठेवून तेच काम ठेक्यावर दिले जाते, तेथे आरक्षण कागदावर शाबूत राहते आणि प्रत्यक्षात संपते. ठेका कामगाराच्या बाजूने उभे राहणे म्हणजे आपल्याच मुलांच्या जागा राखणे होय. कर्मचारी संघटनांनी आपल्या घटनेत ठेका व रोजंदारी कामगारास सभासदत्व दिले आहे काय, हे तपासून पाहावे. ज्या संघाचे दार सेवापुस्तक दाखविल्याशिवाय उघडत नाही, तो मनमाडच्या परिषदेचा वारस ठरत नाही.

रोजचे राजकारण

मग करावयाचे काय? मोठे मोर्चे, मोठ्या परिषदा यांचे महत्त्व आहे. पण असुरक्षित कामगाराचे राजकारण रोजच्या लहान कामांत असते, असे इतिहास सांगतो.

पहिले काम नोंदीचे. कोणी किती दिवस, कोणाकडे, कोणत्या दराने काम केले, हे साध्या वहीत लिहिणे. मुंबईचा खटला उभा राहिला तो अशा कागदांवर. दुसरे काम विचारण्याचे. ग्रामसभेत रोजगार हमीच्या कामांची यादी मागणे, कामाच्या मागणीची तारीख घातलेली पावती मागणे, नगरपंचायतीस ठेक्याच्या करारातील मजुरीचा दर विचारणे. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तो देशाला पुढे धडा ठरला. परंतु ज्या गावात कामाची लेखी मागणी झाली नाही, त्या गावाला त्या हमीचा लाभ मिळाला नाही. मागणीचा कागद हा गरिबाचा संप असतो. तिसरे काम बैठकीचे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी बसणे, ठराव लिहिणे, वर्गणीचा हिशोब वाचून दाखविणे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. ठराव, गणसंख्या, मतमोजणी यांचे नियम संघास ठाऊक होते, असे त्यांनी दाखविले. कामगारांचा लहानसा संघ ज्या दिवशी आपले इतिवृत्त लिहू लागतो, त्या दिवशी तो याच परंपरेत येतो.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची सेवकाप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळोवेळी सुट्टी देणे. आजच्या कामगार कायद्यांची बहुतेक शीर्षके या पाचांत सामावतात. परंतु लक्षात घेण्याची गोष्ट ही, की त्या उपदेशात मालक आणि सेवक समोरासमोर आहेत. मध्ये कोणी नाही. आजचे पहिले काम मधला पडदा दूर करून त्यांना समोरासमोर आणणे हे आहे.

आपल्या विहारांना या कामी निसर्गाने व रूढीने एक सोय करून दिली आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो आणि गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. ऊसतोड मजूर गाव सोडतात ते साधारणपणे त्यानंतर, गाळप सुरू होण्याच्या सुमारास. म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत तो मजूर गावात असतो आणि त्याची पत्नी विहारात असते. आठवड्यातील एका संध्याकाळी, वाचन संपल्यावर, त्याच सतरंजीवर बसून उचलीचा हिशोब लिहिला, मुकादमाचे व कारखान्याचे नाव नोंदविले, आधार पत्र आणि बँक पुस्तकातील नावाची अक्षरे जुळविली, तर हंगामात अपघात झाल्यावर कारखान्याच्या दारात उभे राहण्यास त्या कुटुंबाजवळ कागद असेल. उन्हाळ कांद्याची काढणी मार्च-एप्रिलमध्ये येते. त्याच सुमारास जयंतीची तयारी चालते. वर्गणीच्या वहीशेजारी काढणीच्या मजुरीची दुसरी वही ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

मनमाडच्या परिषदेला जमलेल्या गँगमनांत कित्येकांना लिहिता येत नव्हते. त्यांची बाजू मांडण्यास बाबासाहेब होते. आज आपल्या प्रत्येक वस्तीत लिहिणारी मुले-मुली आहेत. त्यांनी आपल्या गल्लीतील एका कष्टकऱ्याचे एक हंगामभराचे काम लिहून काढावे, आणि त्या पानाच्या शेवटी, या कामाचा धनी कोण, ते स्पष्ट नाव घालून लिहावे.